कात्रणवही : कोलाज, हलती चित्रं आणि समस्त शुभेच्छुक मंडळी

कात्रीवाली
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी नाशिकला डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानाचं उद्घाटन, दशक्रियेचं पत्र, जे येईल ते. दिवसभर स्क्रीनवर लोकांच्या फोटोंची मागची बाजू खोडायची आणि रात्री जेवणं आटपली की खरी कात्री घेऊन बसायचं, असं चाललंय. त्यातून एक कोलाजची वही तयार होतेय. विषय ऍनिमेशन, समाज आणि माणूस स्वतःला चारचौघांत कसा मांडतो हा. ऐकायला जड वाटतं, पण सुरुवात अगदी फुटकळ गोष्टीतून झाली.

वाढदिवसाच्या जाहिराती कधी नीट पाहिल्यात? अर्ध्या पानावर साहेब आणि खाली शुभेच्छुकांची पट्टी, बोटाच्या पेराएवढे चेहरे ओळीने. साहेबांच्या पोज ठरलेल्या. नमस्कार, उंचावलेला हात, मोबाइल कानाला, गॉगल, आणि हल्ली समोरून चालत येणारे साहेब. मी स्वतः असल्या इतक्या लावल्यात की माझ्या कॉम्प्युटरवर 'साहेब चालताना' नावाचं फोल्डरच आहे.

एका रात्री रद्दीतले सगळे नमस्कार कापून वेगळे काढले. फक्त हात, कोपरापासून पुढे. कुणाचे पोटाशी, कुणाचे छातीशी, कुणाचे हनुवटीखाली, एकाचे थेट कपाळाला. खालून वर असे ओळीत लावले, फोनने एकेकाचा फोटो घेतला आणि भराभर चालवून बघितलं. तर एकच माणूस नमस्कार करतोय! बाही पांढरी होते, निळी होते, भगवी होते, मनगटावरचं घड्याळ जातं आणि त्या जागी गंडा येतो, अंगठ्या कमी-जास्त होतात, पण हात मात्र न थांबता वर जातात. मी पंधरा मिनिटं तेच बघत बसले होते.

वहीची दिशा तिथेच ठरली. ऍनिमेशनला काय लागतं? एकसारखी चित्रं, प्रत्येकात थोडासा फरक. छापील कागदात आपला समाज हेच तर करत असतो. तीच पोज, तोच मजकूर, थोडा फरक. मला काही काढावं लागतच नाही, फ्रेम आयत्या मिळतात.

आतापर्यंत नमस्काराची पानं झालीत. मग लग्नपत्रिकांच्या डोक्यावरचे गणपती. आत्याच्या ट्रंकेत जुन्या पत्रिकांचा गठ्ठा मिळाला, त्यातला सोंड-कान असलेला साधा गणपती पुढे पुढे पिंपळाचं पान होतो, मग दोन रेघा होतो. त्याच पत्रिकांच्या तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' असतं ना, त्याखालची मुलांची नावंसुद्धा ओळीने लावलीत. बेबी-बाळ्यापासून विहान-आरोहीपर्यंत. आडनावं कापून टाकली. सध्या 'वधू पाहिजे'च्या छोट्या जाहिराती चालू आहेत, तिथे अडकलेय.

नाशिककर असून फाळक्यांचं नाव घेतलं नाही तर पाप लागेल. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाणा पेरला आणि त्याचा वेल होईपर्यंत थोडं थोडं चित्रण केलं. ती इवलीशी फिल्म दाखवून भांडवल मिळवलं. १९१५ मध्ये आगकाड्या सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली. मला त्यातल्या तंत्रापेक्षा सामानाचं जास्त कौतुक वाटतं. घरातली काडेपेटी! आणि मूळचा हा माणूस छपाईतला, रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेला. त्या छापखान्यातली देवांची चित्रं बायका घरी नेऊन त्यांवर जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवायच्या, लक्ष्मीला खरीखुरी साडी नेसवायच्या. त्यामुळे 'कोलाज हे पाश्चात्त्य फॅड' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

आता शंका. वही फुगून जबडा वासलाय, मिटतच नाही. फेव्हिकॉलने पानं सुरकुततात. अनोळखी माणसांचे चेहरे कापून वापरावेत का, यावर मनाचा निर्णय होत नाही. आणि हलण्याची मजा वहीतच यावी असं वाटतं, ती सगळी फोनमध्ये गेली तर वही कशाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दादरचा_भाऊ
सोमवार, रात्री ११:०५

एक नंबर धागा! वाचनखूण साठवली आहे. 'साहेब चालताना' फोल्डर वाचून चहा सांडला. प्रचि (प्रकाशचित्रं) टाका की. निदान नमस्काराचे तरी.

जुसवाला
मंगळवार, सकाळी ७:३०

ताई, आमच्याकडे दोन पिढ्या बाइंडिंगचं काम, म्हणून पहिल्या दोन शंकांपुरतं बोलतो. कलेतलं आपल्याला कळत नाही.

तुम्ही पानांची जाडी वाढवता आणि पाठ आहे तेवढीच राहते, म्हणून वही जबडा वासते. चिकटवायला घ्यायच्या आधीच दर दोन पानांनंतर एक पान कापून टाका. मुळापासून कापू नका, शिवणीपाशी बोटभर पट्टी ठेवा. मुळापासून कापलंत तर जुसमधलं (जुस म्हणजे मधोमध दुमडून एकत्र शिवलेले कागद) त्याचं जोडीचं पान मोकळं होऊन हातात येईल. ही वही आता भरली असेल तर तिचा नाद सोडा. पुढची वही जुस शिलाईची घ्या, नुसती चिकटवलेल्या पाठीची नको, ती दोन महिन्यांत पानं गाळते.

आता सुरकुत्या. वर्तमानपत्र उभं फाडा, सरळ फाटेल. आडवं फाडा, वाकडंतिकडं जाईल. सरळ फाटतं ती ग्रेनची दिशा. ओल लागली की कागद ग्रेनच्या आडव्या अंगाने फुगतो आणि वाळताना आक्रसतो. पानाची आणि कात्रणाची ग्रेन एकाच दिशेला आली, तीही वहीच्या पाठीला समांतर, तर निम्मा त्रास संपतो. गोंद पातळ कागदाला न लावता जाड पानाला लावा, कात्रण वर ठेवा, बटर पेपर टाकून मधून कडेकडे बोटाने दाबत न्या. रात्रभर वजनाखाली. बटर पेपर आत राहू द्या.

फेव्हिकॉल कडांना ठीक, पूर्ण पानाला खळ लावा. एक वाटी मैदा गार पाण्यात गुठळी न होता कालवायचा, सात-आठ वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. आम्ही त्यात चिमूटभर मोरचूद घालतो, कसर आणि झुरळं लागत नाहीत. मोरचूद विषारी असतं, त्याचं भांडं वेगळं ठेवा, घरात लहान मूल असेल तर घालूच नका. मग खळ तेवढ्यापुरतीच करायची.

आणखी एक. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो पिवळा पडणार म्हणजे पडणारच. कात्रण टिकवायचं असेल तर त्याची झेरॉक्स बऱ्या कागदावर काढून ती चिकटवा. टोनर सहसा उडत नाही.

कात्रीवाली
मंगळवार, सकाळी ९:१५

दादा, हे सगळं प्रिंट काढून टेबलासमोर लावतेय. खूप आभार. पिवळं पडण्याचं मात्र मला चालेल. उलट झेरॉक्समध्ये फ्लेक्सवाल्यांचा तो भडक गुलाबी जातो, मग उरलं काय?

उगाच_एक
मंगळवार, दुपारी १:२०

कुणाला राग आला तर येवो. आमच्या लहानपणी याला चित्रसंग्रहाची वही म्हणत आणि ती पाचवीत असायची. तिला समाज, अभिव्यक्ती वगैरे झालर लावली की कला होते का?

बरं, गंमत म्हणून ठीक आहे. पण हात साहेबांचे, गणपती पत्रिकेतला, अक्षरं पेपरची. ज्याला तुम्ही माणसाचं स्वतःला मांडणं म्हणता, त्यात तुम्ही स्वतः कुठे आहात? दोन रेघा स्वतःच्या हाताने काढल्या असत्यात तर निदान त्या तुमच्या असत्या.

दादरचा_भाऊ
मंगळवार, दुपारी १:२६

आले! पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सई_बर्लिन
मंगळवार, संध्याकाळी ६:५०

उगाच_एक, प्रश्न खवचट असला तरी चांगला आहे. उत्तर इथल्या एका भिंतीवर टांगलेलं आहे.

हाना ह्योख नावाची चित्रकार. पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमधल्या 'दादा' नावाच्या बंडखोर कलाचळवळीच्या मंडळींत वावरणारी एकुलती एक म्हणावी अशी बाई. पोटासाठी उल्श्टाइन या प्रकाशन संस्थेत बायकांच्या मासिकांसाठी भरतकाम-विणकामाचे नमुने काढायची. त्याच संस्थेची सचित्र साप्ताहिकं घरी कापायची. म्हणजे कात्रीवाली, तुझीच थोरली बहीण. १९१९-२० च्या सुमाराचं तिचं मोठं कोलाज आहे, मीटरभराहून उंच. त्याच्या नावात तिने स्वयंपाकघरातली सुरी घातली आहे आणि त्या सुरीने वायमार जर्मनीचं (म्हणजे महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाचं) बिअरपिऊ पोट कापलंय. कैसर (जर्मन सम्राट), सेनापती, पुढारी, नट्या, यंत्रांची चाकं, सगळं मासिकांतलं. कुणाचं धड नर्तकीचं, कुणाच्या मिशीच्या जागी पहिलवान.

स्वतः काढलेली एक रेघ त्यात शोधून सापडणार नाही. पण उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, युरोपचा छोटासा नकाशा चिकटवलाय. ज्या देशांत बायकांना मताचा हक्क मिळाला किंवा मिळू घातला होता, त्यांचा. जर्मनीत बायकांनी पहिल्यांदा मत दिलं ते जानेवारी १९१९ मध्ये, म्हणजे ताजीच बातमी. आणि त्या नकाशाला लागून नखाएवढा एक चेहरा आहे, तिचा स्वतःचा. एवढ्या गदारोळात ती कुठे उभी आहे, ते तिने सांगून ठेवलंय. यापेक्षा स्वतःला मांडणं वेगळं काय असतं?

नाझी आल्यावर तिने मित्रांची आणि स्वतःची कामं शहराच्या कडेच्या आपल्या छोट्या घरात लपवून ठेवली. आज दादा चळवळीचं बरंच काही पाहायला मिळतं त्यात या कात्रीवालीचा मोठा वाटा आहे.

उगाच_एक
मंगळवार, रात्री ९:०२

हे माहीत नव्हतं. पण ह्योखबाई ह्योखबाई होत्या. असो.

कुडाळकर
मंगळवार, रात्री ९:४८

वहीतच हललं पाहिजे म्हणता, तर एकदा आमच्या पिंगुळीक येवा. कुडाळपासून हाकेच्या अंतरावर.

तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी. सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. सांगणारा मांडी घालून बसतो, चित्र पुढ्यात उभं धरतो, वीणा-हुडुक-टाळाच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा गातो आणि चित्रं पालटत जातो. आता गंमत बघा. चित्रातला राक्षस जागचा हलत नाही. पण गाणाऱ्याचा आवाज चढतो, चित्र पटकन फिरतं, मागच्या बाजूला राक्षस आडवा! मधला घाव आपण आपल्याच डोक्यात घालतो.

सेकंदाला बारा चित्रं नकोत, दोन पुरतात. फक्त कुठलं चित्र किती वेळ धरायचं ते कळायला हवं. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना पिंगुळी कळली. त्यांनी गोठ्याचं संग्रहालय केलंय, तिथे जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. ती चामड्याची पात्रं पडद्यामागे दिव्यासमोर नाचवतात. म्हणजे कापलेली हलती चित्रं झालीच की!

कात्रीवालीताई, तुमची वधू पाहिजेची पानं पाठीला पाठ करून बघा. पुढे मागणी, मागे काय ते तुम्ही ठरवा.

माधवकाका_पार्ले
बुधवार, सकाळी ८:१०

कुडाळकरांनी दोन चित्रांची गोष्ट काढली म्हणून आठवण झाली. 'आवाज'च्या खिडक्या! मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला दिवाळी अंक. पानाला चौकोनी किंवा गोल खिडकी कापलेली, तिच्यातून पुढच्या पानावरच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसणार. मनात नको ते येणार. पान उलटलं की दुधी भोपळा किंवा कुणाचं तरी टक्कल, असलं निरुपद्रवी काहीतरी. कागद कापून केलेलं दोन फ्रेमचं ऍनिमेशनच हे. आमच्याकडे अंक आणला की वडील तो कपाटावर ठेवायचे आणि आम्ही स्टुलावर चढायचो. हा प्रयोग तुमच्या वहीत झालाच पाहिजे.

शाईबाई
बुधवार, सकाळी ११:३०

काका, खिडकीची करामत मलाही आवडते, पण खिडकीत दिसायची ती बाईच, हेही बोलू या. हसणारा पुरुष, पाहणारा पुरुष, आणि पान उलटेपर्यंत जिच्याबद्दल नको ते वाटायचं ती मात्र बाई. वर्षानुवर्षं. समाजावरची वही करताना खिडकी तशीच्या तशी उचलली तर ती नजरही आपोआप चिकटून येणार.

माधवकाका_पार्ले
बुधवार, दुपारी १२:०५

अहो, तो काळ वेगळा होता. शिवाय विनोद पाहणाऱ्याच्या मनावरच असायचा, "तुझंच मन घाणेरडं" असा.

शाईबाई
बुधवार, दुपारी १२:४०

तो बचाव मला माहीत आहे, थोडा मान्यही आहे. म्हणूनच म्हणते, खिडकी फिरवा. कात्रीवाली, तू 'वधू पाहिजे'पाशी अडकलीस ना? त्या पानालाच खिडकी काप. आतून दिसू देत 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष, पत्रिका अनुरूप'. वाचणाऱ्याला वाटेल आता पान उलटलं की मुलगी दिसणार. उलटलं की मागणी करणारा. 'निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट, जबाबदारी नाही'. 'जबाबदारी नाही' हे शब्द मोठ्या ठशात. छापलेलेच शब्द, तुला एकही घालावा लागणार नाही.

कात्रीवाली
बुधवार, दुपारी १:१५

शाईबाई!! गिऱ्हाईक समोर बसलंय आणि मी एकटीच हसतेय. 'जबाबदारी नाही' मी शेकडो वेळा टाइप केलंय, कधी डोळ्यांत भरलं नव्हतं.

रात्रपाळी
गुरुवार, पहाटे २:२०

नावाप्रमाणे आत्ता वेळ मिळाला. मुंबईत ऍनिमेशन स्टुडिओत नोकरी करतो. तंत्राचं थोडं लिहितो.

फोनने शूट करताना एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक कर, नाहीतर प्रत्येक फ्रेमला उजेड लुकलुकतो आणि सगळं भूताटकीसारखं दिसतं. खिडकीचा उजेड वापरू नकोस, ढग आला की काम गेलं. पडदे ओढून दोन बाजूंनी दोन सारखे दिवे, कागदाशी साधारण पंचेचाळीस अंशांत, म्हणजे चकाकी आणि सावली दोन्ही टळतात. दोन डबे, वर काच, काचेवर फोन, कॅमेरा खाली. काचेखाली वही. हा स्टँड फुकटात होतो आणि हलत नाही. पंखा बंद. हेडफोनचं बटण किंवा टायमर वापर, फोनला बोट लावू नकोस.

सेकंदाला चोवीस फ्रेम असल्या तरी आम्हीही बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरतो, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. तुझ्या नमस्काराला बाराही जास्त होतील. आठवर चालवून बघ. आणि हात कपाळाशी पोचल्यावर शेवटचं चित्र जरा जास्त धर. वर जाताना मध्ये जलद, टोकांना सावकाश. एवढ्यानेच त्या कागदात मांस भरतं. बाही आणि घड्याळ बदलू देत, पण सगळ्या हातांचं मनगट एकाच खुणेवर यायला हवं. ट्रेसिंग पेपरवर मनगटाची खूण करून तो काचेला चिकटव आणि प्रत्येक कात्रण त्याखाली बसव. सध्या तुझे हात उडत असणार.

वहीत हलण्याबद्दल. पानांच्या कोपऱ्यात फ्लिपबुक (अंगठ्याखालून पानं भराभर सोडली की चित्र हलतं ते) करायचा मोह होईल, करू नकोस. चिकटवलेल्या पानांची जाडी सारखी नसते, अंगठ्याखालून सटकतात. नमस्काराचं वेगळं छोटं फ्लिपबुक कर, एकाच जाड कागदावर झेरॉक्स काढून, आणि मागच्या पुठ्ठ्याला पाकीट लावून त्यात ठेव. (बाइंडरदादा इथे काही सांगतीलच.)

आता तिघांची कामं बघ. दक्षिण आफ्रिकेचा विल्यम केंट्रिज. कोळशाने चित्र काढतो, फोटो घेतो, थोडं पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा फोटो. पुसल्याचे डाग कागदावर राहतात आणि ते त्याला हवे असतात, कारण त्याचा विषयच वर्णद्वेषाच्या राजवटीत लोकांनी काय विसरलं हा आहे. पुढे त्याने जुन्या शब्दकोशांच्या पानांवर चित्रं काढून ती पानं उलटत फिल्म केली. तुझ्या प्रश्नाचं हे एक उत्तर, पान हाच पडदा.

दुसऱ्या आपल्या नलिनी मलानी. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकत होत्या तेव्हा १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसींच्या कार्यशाळेत त्यांनी स्टॉप मोशन (वस्तू थोडी थोडी सरकवून एकेक फोटो घ्यायचा ते) केलं होतं. पन्नासेक वर्षांनी आयपॅडवर बोटाने काढलेली, रोजनिशीतल्या नोंदींसारखी छोटी छोटी ऍनिमेशन्स केली. अठ्ठ्याऐंशी तुकडे, एकाच दालनात सगळ्या भिंतींवर एकावर एक पडणारे. कठुआच्या आठ वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचारानंतरचा संताप त्याच्या मुळाशी आहे. त्यात रेघोट्या, वाचलेल्या ओळी, खाडाखोड, सगळं चालतं. स्केचबुक नीटनेटकं असायला हवं असं वाटत असेल तर ते बघून सुटका होते.

तिसऱ्या गीतांजली राव. २००६ ची त्यांची छोटी फिल्म, 'प्रिंटेड रेनबो'. एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांच्या छापांचा तिचा संग्रह. प्रत्येक छापात शिरलं की वेगळं जग. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक विभागात गाजली होती. तुझ्या फाळक्यांच्या काडेपेटीपासून इथवर रस्ता येतो.

जुसवाला
गुरुवार, सकाळी ७:४०

पाकिटाला खाली आणि दोन्ही बाजूंना घडी (भाता) घाला, नाहीतर फ्लिपबुक ठेवल्यावर पुठ्ठा तिथेच उचलेल.

कलम_बावन्न
गुरुवार, सकाळी १०:५५

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. स्वतःसाठी वही करताय तोवर काळजी नको. खाजगी वापराला आणि टीकेला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. प्रदर्शन, छपाई, विक्री असं काही आलं की मात्र प्रत्येक चित्राचा विचार वेगळा करावा लागतो. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, फोटोचा प्रसिद्धीपासून साठ वर्षं. रविवर्म्याची देवचित्रं बिनधास्त कापा. पेपरातले फोटो जपून.

बांधावरून
गुरुवार, रात्री १०:३०

चेहऱ्यांच्या शंकेवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ अशा एका शुभेच्छुकांच्या पट्टीत आहे. आमच्या गावच्या फाट्यावर लागला होता तो फ्लेक्स. त्याने वर्गणी भरून फोटो लावला. फोटोसाठी नवा शर्ट घेतला, तालुक्याला जाऊन काढून आणला. फ्लेक्स लागला त्या दिवशी आईला गाडीवर बसवून दाखवायला घेऊन गेला. तुम्ही शहरातले लोक त्या पट्टीला हसता, आम्हीही हसतो कधीकधी. पण बारावीनंतर हाताला काम नसलेल्या पोराचं नाव आणि तोंड चार गावांना दिसेल अशी दुसरी जागा सांगा. पेपरात येणार? भाषण करू देणार? त्याने स्वतःला मांडलं ते तिथे मांडलं, त्या पेराएवढ्या चौकोनात.

तुमच्या वहीत साहेबांचे हात नाचवा, हरकत नाही. पट्टीतल्या पोरांना मात्र कार्टून करू नका एवढंच म्हणणं.

दादरचा_भाऊ
गुरुवार, रात्री १०:५०

पॉपकॉर्न ठेवलं बाजूला. पटलं, ताई.

उगाच_एक
शुक्रवार, सकाळी ८:४५

बांधावरून यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. या धाग्यातलं मला पटलेलं पहिलं वाक्य.

कात्रीवाली
शनिवार, रात्री ११:५०

उशिरा उत्तर देतेय, लग्नसराई आहे. सगळ्यांना एकत्रच लिहिते.

बांधावरून, तुमचं वाचून दोन दिवस त्या पानाला हातच लावला नाही. मी ती पट्टी रोज लावते. फोटो कुणाच्या शेजारी, नाव आधी कुणाचं, यावरून माझ्या टेबलापाशी भांडणं होतात. एक मुलगा प्रूफ बघायला आला होता, त्याचा फोटो दुसऱ्या ओळीत गेला म्हणून तो काही न बोलता नुसता उभा राहिला. मग मीच सगळ्यांचे चौकोन जरा लहान केले आणि त्याला पहिल्या ओळीत बसवलं. तेव्हा हे मला दिसत होतं, वहीत आणायचं सुचलं नव्हतं.

आता त्या पानाचं असं केलंय. पट्टी अख्खी ठेवली, एकाही चेहऱ्याला कात्री लावली नाही. कापले ते साहेब. पूर्ण कापून काढले, त्यांच्या आकाराची खिडकीच झाली पानाला (माधवकाका, ही तुमची खिडकी). खाली पट्टी, वर साहेबाच्या आकाराचं भोक. भोकातून पुढच्या पानावरचा फोटोस्टुडिओचा पडदा दिसतो, तो डोंगर-धबधब्याचा, आमच्या एका गिऱ्हाइकाकडचा जुना छापील. पान उलटलं की पडद्यासमोर रिकामी खुर्ची. पट्टीतल्या कुणीही तिथे येऊन बसावं.

'वधू पाहिजे'ची खिडकी शाईबाईंनी सांगितली तशी कापली. उजेड मागून आला की 'जबाबदारी नाही' उलटं दिसतं, तेही तसंच ठेवलं.

रात्रपाळी, मनगटाच्या खुणेचा कागद जादूचा आहे. आठवर चालवलं. आधी हात थरथरत होते, आता साहेब शांतपणे नमस्कार करतात आणि कपाळाशी थबकतात. ते थबकणं बघून आमच्या हिला (माझी मुलगी, आठवीत) वाटलं ते आता काहीतरी मागणार.

उगाच_एक, तुमच्या 'तुम्ही कुठे' या प्रश्नावर बराच विचार केला. सईने सांगितलेला नखाएवढा चेहरा डोक्यातून जात नव्हता. पण माझा चेहरा लावणं मला काही जमणार नाही. प्रत्येक फ्लेक्सच्या आणि पत्रिकेच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नाव आणि नंबर असतो. तो मीच टाकते, आणि कुणी वाचत नाही. वहीच्या प्रत्येक पानावर त्याच जागी, त्याच बारीक टायपात, मी माझं नाव टाकायला लागलेय. नंबर नाही, नाव.

कुडाळकर, मे महिन्यात पिंगुळीला यायचा विचार आहे. कार्यक्रम कधी असतात, आधी कळवायला लागतं का, ते सांगाल?

कुडाळकर
रविवार, सकाळी ७:०५

अवश्य येवा. फोन करून मगच निघा, मंडळी कार्यक्रमाला बाहेरगावी असतात. आणि मेच्या शेवटी नको, पाऊस लवकर लागला तर तुमची खळ वाळायची नाही.

सई_बर्लिन
रविवार, दुपारी १२:३०

बारीक टायपातलं नाव! वा. पानांचे फोटो टाक ग आता, किती वाट बघायची.

उगाच_एक
रविवार, रात्री ८:१५

माझ्या वडिलांनी १९५८ पासून आलेली प्रत्येक लग्नपत्रिका जपून ठेवली होती. दोन खोकी आहेत. हळदीकुंकवाची बोटं लागलेल्या, काही ठिकाणी आहेराचे आकडे मागे पेन्सिलीने लिहिलेले. घरात कुणाला नकोत. कापायला देणं मनाला थोडं जड जातंय, पण रद्दीत जाण्यापेक्षा बरं. आहेराचे आकडे कापू नका, ते वडिलांच्या अक्षरात आहेत. ती बाजू वर करून लावता येते का बघा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुरिअरने पाठवतो.